गाठीच्या कडेवरील पेशी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील प्रतिकाराचा अभ्यास

या वार्षिक अहवालात जमाखर्च, शिबिरांचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या विभागाने अभ्यासलेख द्यावा, असा प्रघात आहे. यंदा ती जबाबदारी विकृतिशास्त्र विभागाकडे आली. आमचा विभाग रुग्णांच्या वर्दळीपासून दूर, तळमजल्याच्या टोकाला. रुग्णांची गाठ आम्हाला क्वचित पडते. त्यांच्या गाठी मात्र रोज आमच्या टेबलावर येतात. मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगात काचपट्टीवर दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. ती गोष्ट पुष्कळ वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, परंतु तिचा रुग्णाला काही उपयोग होऊ शकेल असे फार थोड्यांना वाटत होते.

अहवाल घेण्यास खिडकीवर येणारे नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात : "कितवी स्टेज?" प्रश्न योग्यच आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये मलाशयाच्या कर्करोगाचे अ, ब, क असे तीन टप्पे सांगितले : गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे, भिंत ओलांडून बाहेर आली आहे, अथवा लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली आहे. आज जगभर वापरात असलेली वर्गवारी अधिक तपशीलवार असली तरी तिचा पाया हाच आहे. रोग किती दूर गेला, एवढेच ती मोजते. त्याला अडवण्यास कोणी उभे होते की नाही, हे ती विचारीत नाही.

आणि तरीही एकाच टप्प्याच्या दोन रुग्णांपैकी एक दहा वर्षांनी नातवंडांसह भेटावयास येतो, तर दुसऱ्याला दीड वर्षात यकृतात गाठी होतात. हा अनुभव प्रत्येक शल्यचिकित्सकाला आहे.

आता काचपट्टीकडे वळू. आतड्याचा काढलेला भाग फॉर्मेलीनमध्ये पक्का करून त्याचे निवडक तुकडे मेणात बसवतात, त्या ठोकळ्याचे केसाहून कितीतरी पातळ काप घेतात आणि निळ्या व गुलाबी रंगांत रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशींच्या वेड्यावाकड्या नळ्या दिसतात. त्यांच्या आजूबाजूला, विशेषतः गाठ जेथे संपते आणि निरोगी ऊती जेथे सुरू होते त्या कडेवर, मोहरीच्या दाण्यांसारख्या लहान, गोल, गडद निळ्या पेशी विखुरलेल्या असतात. या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पेशी. काही गाठींत त्या तुरळक असतात. काहींत त्यांची दाट किनार बनते. काहींत त्या थेट कर्कपेशींच्या रांगांत शिरलेल्या आढळतात, तर कधी गाठीपासून थोड्या अंतरावर त्यांचे गोलाकार पुंजके दिसतात, जणू लहानशा लसिकाग्रंथीच तेथे नव्याने उभ्या राहिल्या आहेत. गाठीच्या पृष्ठभागावर व्रण झाला असेल तेथेही पांढऱ्या पेशी गर्दी करतात. पण त्या निराळ्या, जखमेवर धावून येणाऱ्या. नवशिका विद्यार्थी त्यांनाच प्रतिकार समजतो. म्हणून पेशी कोणती आणि ती कोठे उभी आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

त्याच सेंट मार्क्स रुग्णालयातील जेरेमी जॅस यांनी १९८६-८७ च्या सुमारास मलाशयाच्या कर्करोगात या किनारीकडे लक्ष वेधले. किनार दाट असलेले रुग्ण अधिक काळ जगतात, असे त्यांना आढळले आणि त्यांनी आपल्या वर्गवारीत तिला स्थान दिले. परंतु 'दाट' म्हणजे किती, यावर दोन तज्ज्ञांचे एकमत होणे कठीण. एकाला जे पुष्कळ दिसे ते दुसऱ्याला बेताचे. त्यामुळे ही वर्गवारी रोजच्या व्यवहारात रुजली नाही.

ही अडचण दूर झाली ती मोजणीमुळे. विशिष्ट प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड वापरून पेशींना तपकिरी रंग देता येतो. सीडी-३ हे सर्व टी-पेशींवरील चिन्ह, तर सीडी-८ हे त्यांच्यापैकी प्रत्यक्ष मारा करणाऱ्यांवरील. पॅरिसमधील फ्रांक पाजेस, जेरोम गालाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ मध्ये दाखवून दिले की गाठीच्या मध्यभागी व कडेवर, अशा दोन्ही ठिकाणी या पेशींची घनता मोजली तर रोग परतण्याची शक्यता बरीच वर्तवता येते. त्यावर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या घेतल्या जाणे आवश्यकच होते. मग १३ देशांतील १४ केंद्रांनी मिळून पडताळणी केली. त्यांत अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही सहभाग होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या तीन टप्प्यांतील २,६८१ रुग्णांचे विश्लेषण होते. त्याच्या पहिल्या गटात, पेशी दाट असलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांत पाच वर्षांत रोग परतला. मध्यम असलेल्यांत १९ टक्के, विरळ असलेल्यांत ३२ टक्के.

येथे एक खुलासा. आमच्याकडे ही मोजणी संगणकाने करण्याची सोय नाही आणि आम्ही तसे गुण अहवालात लिहीत नाही. किनार दाट आहे, मध्यम आहे की विरळ, एवढी एक ओळ लिहितो. केवळ त्या ओळीवरून केमोथेरपी द्यावी वा टाळावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु ती ओळ लिहावयाची सवय लागल्याने आमचे पाहणे बदलले, आणि पुढे सांगावयाच्या रुग्णाच्या बाबतीत तेच उपयोगी पडले.

प्रतिकारपेशी गाठीत येतात त्या काहीतरी ओळखून. जे ओळखले जाते त्याला प्रतिजन म्हणतात. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावरील एचएलए नावाच्या रेणूंच्या तबकात ठेवून बाहेर दाखवीत असते. टी-पेशी ही तबके तपासत हिंडतात. ओळखीचा तुकडा दिसला तर पुढे जातात, परका दिसला तर हल्ला करतात. कर्कपेशी मूळची आपलीच, त्यामुळे तिच्या तबकातील बहुतेक माल घरचाच असतो. खरी अडचण येथे आहे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण सीईए या प्रतिजनाचे. माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात शोधला. प्रौढांच्या निरोगी आतड्यात तो नसतो, असा प्रारंभी समज झाला आणि कर्करोगाची अचूक खूण सापडली म्हणून मोठी आशा निर्माण झाली. पुढे सूक्ष्म पद्धतींनी तो निरोगी आतड्यातही सापडला. धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि यकृताचे विकार असणाऱ्यांच्या रक्तातही तो वाढलेला असतो. निरोगी पेशी त्याला आतड्याच्या पोकळीकडील बाजूवर ठेवते. कर्कपेशीला बाजूंचे भान राहत नाही, ती तो सर्वांगावर वागवते. शस्त्रक्रियेनंतर रोग परततो आहे काय हे पाहण्यास ही रक्ततपासणी उपयुक्त आहे. मात्र धडधाकट माणसाने ती 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या पॅकेजमधून करून घेऊन आठवडाभर झोप घालवावी, हे आम्हाला मान्य नाही. तिचा आकडा योग्य आला म्हणून कर्करोग नाही असे होत नाही, आणि वाढला म्हणून आहे असेही नाही.

सीईए ओळखणाऱ्या टी-पेशी प्रयोगशाळेत घडवून रुग्णाला दिल्या तर? अमेरिकेत हा प्रयोग तीन रुग्णांवर झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिघांच्याही रक्तातील सीईए उतरले, एकाच्या गाठी आक्रसल्या. परंतु तिघांनाही आतड्याचा तीव्र दाह झाला, कारण त्या पेशींनी निरोगी आतड्यावरील सीईएदेखील ओळखले. प्रतिकारपेशीला गाठ दिसत नाही, फक्त प्रतिजन दिसतो, हे या तीन रुग्णांनी जितके स्पष्ट केले तितके एखाद्या ग्रंथानेही केले नसेल.

मग काही गाठींत प्रतिकारपेशी आपण होऊन, आणि इतक्या संख्येने, का शिरतात? याचे एक उत्तर १९९३ पासून उलगडत गेले. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिने असतात. त्यांतील चार महत्त्वाची म्हणजे एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. ही मंडळी म्हणजे पेशीच्या छापखान्यातील मुद्रितशोधक. मुद्रितशोधक गैरहजर असला की एकच अक्षर लागोपाठ आठ-दहा वेळा येणाऱ्या जागी हमखास चूक होते, एखादे अक्षर गळते वा जादा पडते. डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते. त्यामुळे एक अक्षर गळाले की पुढचे सगळे शब्द सरकतात. काना-मात्रा नसलेले, प्रत्येकी तीन अक्षरांचे एक वाक्य घ्या : 'कमळ उचल परत बसव'. त्यातील 'म' गाळून पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा : 'कळउ चलप रतब सव'. असे भलतेच तुकडे पेशीच्या तबकात येऊ लागतात. ते घरचे नव्हेत, हे टी-पेशीला तत्काळ कळते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी साधारण १५ टक्के या प्रकारचे असतात, आणि मोहरीच्या दाण्यांची गर्दी ज्यांत विशेष आढळते त्या प्रामुख्याने याच गाठी.

यांतील बहुसंख्य गाठींत दुरुस्तीचा दोष फक्त गाठीपुरता असतो. काहींत मात्र तो जन्मतःच, आईकडून वा वडिलांकडून आलेला असतो. अमेरिकेतील ॲन आर्बर येथे १८९५ मध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले होते की, आपल्या घरातील बहुतेक माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आणि आपणही तशाच जाणार. त्या तशाच, तरुण वयात गेल्या. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला, आणि आज ही अवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे वंशावळ देवकार्याला, लग्नाला आणि जमिनीच्या वाटणीला काढतात. तिचा वैद्यकीय उपयोग विचारला की "आजी पोटाच्या दुखण्याने गेली" यापुढे माहिती सरकत नाही.

आता आमच्या रुग्णाविषयी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४१, व्यवसायाने चालक. थकवा येतो म्हणून कित्येक महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या. पंडुरोग का झाला, हे कोणी विचारले नव्हते. अखेर दुर्बिणीने पाहता उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ आढळली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गाठ भिंत ओलांडून बाहेर आली होती, पण तपासलेल्या लसिकाग्रंथींत, ज्या किमान १२ तरी तपासाव्या लागतात, रोग नव्हता. म्हणजे दुसरा टप्पा. काचपट्टीवर प्रतिकारपेशींची दाट किनार होती. ती ओळ लिहिताना आमच्या तरुण सहकारी डॉक्टरांनी विचारले : वय इतके कमी, गाठ उजवीकडे, किनार इतकी दाट, तर चार प्रथिनांची तपासणी करावयाची ना? रुग्णाला खर्च झेपणार नव्हता. तो गरीब रुग्ण निधीतून झाला.

येथे आमच्या हातून चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी झाली होती. काढलेले आतडे उभे न चिरता, अपुऱ्या फॉर्मेलीनमध्ये, लहान बरणीत दोन दिवस तसेच राहिले. बाहेरून ते ठीक दिसत होते. आतपर्यंत द्रव पोहोचलाच नव्हता. साध्या रंगात काप वाचता आले, परंतु प्रतिपिंडांच्या तपासणीत चारांपैकी दोन प्रथिनांचा, एमएसएच-२ व एमएसएच-६ यांचा, रंग कर्कपेशींत उमटला नाही. 'प्रथिने नाहीत' असा मसुदा तयारही झाला. तो सहीला आला तेव्हा लक्षात आले की शेजारच्या लिम्फोसाइटही रंगहीन आहेत. या तपासणीचा साक्षीदार तीच पेशी असते. लिम्फोसाइटमध्ये दुरुस्तीची प्रथिने असतातच. त्या तपकिरी झाल्या आणि कर्कपेशी झाल्या नाहीत, तरच 'कर्कपेशींत प्रथिन नाही' असे म्हणता येते. साक्षीदारच मुका असेल तर निकाल देता येत नाही. अहवाल थांबवला.

सुदैवाने दुर्बिणीच्या वेळी घेतलेले तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे वेगळ्या ब्लॉकमध्ये होते. ते लहान असल्याने नीट पक्के झाले होते. त्यांवर तपासणी पुन्हा केली. लिम्फोसाइट स्वच्छ तपकिरी, कर्कपेशी निळ्याच : एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही खरोखरीच गैरहजर. म्हणजे पहिला मसुदा योगायोगाने बरोबर ठरला असता. तरी तो देण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, याबद्दल विभागात दुमत झाले नाही. या जोडीतील प्रथिने नसणे हे आनुवंशिक दोषाकडे बोट दाखवते. एमएलएच-१ नसते तर आधी गाठीपुरत्या दोषाची शक्यता पडताळावी लागली असती.

निकालाचे दोन परिणाम झाले. पहिला औषधाचा. दुसऱ्या टप्प्यातील अशा गाठींचे भवितव्य मुळातच चांगले असते आणि केवळ फ्लुओरोयुरॅसिलवर आधारलेल्या केमोथेरपीचा त्यांना लाभ होत नाही, हे २००३ पासूनच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून केमोथेरपी न देण्याचे ठरले. रुग्णाच्या पत्नीने खालच्या आवाजात विचारले, "पैसे नाहीत म्हणून देत नाही का?" धर्मादाय रुग्णालयात हा प्रश्न अनपेक्षित नाही. आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी त्यांना विभागात आणले, दोन काचपट्ट्या दाखवल्या आणि अर्धा तास समजावले. त्यांना सगळे कळले असेल असे नाही. तपकिरी ठिपके नवऱ्याच्या अंगातील शिपाई आहेत, एवढे मात्र त्यांनी जाताना स्वतःच्या शब्दांत म्हटले.

दुसरा परिणाम घरच्यांचा. रुग्णाच्या रक्ततपासणीत जन्मजात दोष निश्चित झाला. म्हणजे त्याच्या प्रत्येक भावंडात आणि अपत्यात तो असण्याची शक्यता निम्मी. धाकटा भाऊ "मला काही त्रास नाही" म्हणून चार महिने आला नाही. मग आला. त्याच्यातही तोच दोष निघाला. दुर्बिणीने पाहता आतडे निर्मळ होते. अशा व्यक्तींनी तरुण वयापासून, सामान्यतः पंचविशीच्या आसपास, दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावयाची असते. स्त्रियांनी गर्भाशयाकडेही लक्ष द्यावयाचे असते. रुग्णाची मुले अद्याप शाळेत आहेत. त्यांची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, त्यांच्या संमतीने होईल.

या गाठी दूरवर पसरल्या तर काय, याचे उत्तर गेल्या दशकात बदलले. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो. गाठ तो खेचून तिला थांबवते. असे लगाम सोडवणाऱ्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत, दुरुस्तीचा दोष असलेल्या मोठ्या आतड्याच्या १० रुग्णांपैकी ४ जणांच्या गाठी पेम्ब्रोलिझुमॅबने आक्रसल्या. दोष नसलेल्या १८ पैकी एकाचीही नाही. २०२० च्या ३०७ रुग्णांच्या चाचणीत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ केमोथेरपीने ८.२ महिने, तर या औषधाने १६.५ महिने भरला. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली मलाशयाच्या अशाच गाठींच्या पहिल्या १२ रुग्णांत डोस्टारलिमॅब या औषधाने, शस्त्रक्रिया वा किरणोपचार न करता, गाठ दिसेनाशी झाली. ही बातमी मोबाईलवर घेऊन अनेक नातेवाईक येतात. त्यांना सांगावे लागते की दूरवर पसरलेल्या रोगात असे रुग्ण शंभरात जेमतेम चार-पाच. उरलेल्यांच्या गाठींत टी-पेशी एक तर पोहोचतच नाहीत किंवा त्यांना ओळखण्याजोगे काही सापडत नाही, आणि तेथे एकट्या या औषधावर लाखो रुपये घालवणे म्हणजे घर विकून रिकाम्या हाताने परतणे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने निवोलुमॅब या अशाच औषधाची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा उपयुक्त ठरल्याचे २०२२ मध्ये दाखवले, पण ते डोके व मानेच्या कर्करोगात. आतड्यासाठी तो आधार अजून मानता येत नाही.

निसर्गाचे डाव एवढ्यावर संपत नाहीत. दुरुस्तीचा दोष असलेल्या काही गाठी तबकच काढून टाकतात : एचएलए रेणूला आधार देणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन त्यांच्यात बिघडते आणि सीडी-८ पेशींना काही दिसेनासे होते. अशा गाठींवर लगाम सोडवणारी औषधे निष्फळ ठरावीत, असा तर्क होता. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळ गाठी औषधाला दाद देतात. तबकावाचून ओळखणाऱ्या गॅमा-डेल्टा टी-पेशी ते काम करतात, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. आम्ही शिकवलेला तर्क अशा रीतीने अपुरा ठरला, याचा आम्हाला आनंदच आहे.

त्या दिवाळीनंतर शस्त्रक्रियागृहाबाहेर मोठ्या तोंडाच्या बरण्या ठेवल्या आहेत. काढलेले आतडे त्याच दिवशी, सुट्टी असली तरी, उभे चिरून त्याच्या दहापट फॉर्मेलीनमध्ये ठेवले जाते. बरणीवर वेळ लिहिली जाते आणि लिहिणाऱ्याची सही असते. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक नव्या कर्करोगात चार प्रथिनांची तपासणी करण्याचा आमचा आग्रह आहे. एका रुग्णाच्या तपासणीचा खर्च काही हजारांत जातो आणि गरीब रुग्ण निधीवरील भार त्यामुळे वाढला आहे; विश्वस्तांनी तो मान्य केला आहे. मेणाचे ब्लॉक आम्ही जपून ठेवतो. ज्या घरात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग पन्नाशीच्या आत झाला असेल, त्यांनी जुना अहवाल वा त्यावरील क्रमांक घेऊन विभागाच्या खिडकीवर यावे. रुग्ण आज हयात नसला तरी त्याच्या ब्लॉकवर ही तपासणी बहुधा करता येते.